स्टार टू सर : ओपस १०० ची गोष्ट

परफॉर्मन्स संपला की टाळ्या संपतात. मग उरतं काय? एका व्हायोलिनिस्टचं उत्तर आजही क्लासरूममध्ये वाजतंय!

१८३० च्या दशकातलं युरोपातलं पेज थ्री कपल कोण, असं विचारलं तर एक नाव नक्की पुढे येईल. तो शार्ल द बेरियो, बेल्जियमचा व्हायोलिनिस्ट. ती मारिया मालिब्राँ, ऑपेराची सुपरस्टार. दोघंही आपापल्या फील्डमध्ये टॉपला. प्रसिद्धी, पैसा, ग्लॅमर... सगळं हातात!

आज मात्र मोठ्या कॉन्सर्टच्या पोस्टरवर बेरियोचं नाव क्वचितच दिसतं. ते भेटतं व्हायोलिन शिकणाऱ्यांच्या नोटेशनच्या पुस्तकात. आणि तिथे त्याची एक रचना अगदी हिट आहे : ‘सेन द बाले’, ओपस १००. नाव बॅलेचं, पण स्टेजवर नाचणारं कुणीच नाही. नाचायचं काम व्हायोलिनने करायचं.

फुल पॅकेज

सुरुवात एकदम ड्रामॅटिक. मग बोलेरो हा ठसकेबाज स्पॅनिश ठेका. मध्येच सगळं शांत होतं आणि व्हायोलिन चक्क गायला लागतं. त्यानंतर गिरक्या घेणारा वॉल्ट्झ आणि शेवटी सुसाट धावणारा क्लायमॅक्स. हे सगळं साधारण नऊ-दहा मिनिटांत!

साथीला पियानो किंवा ऑर्केस्ट्रा असतो. नुसत्या स्ट्रिंग ऑर्केस्ट्रासोबतही ही रचना वाजवली जाते. म्हणजे व्हायोलिन, व्हिओला, चेलो, डबल बास एवढी मंडळी जमली की काम झालं. त्यामुळे म्युझिक स्कूलमधल्या विद्यार्थ्याला आपल्याच मित्रांना सोबत घेऊन सोलो वाजवण्याचं थ्रिल मिळतं.

आणि मग ब्रेक लागला

२९ मार्च १८३६ ला बेरियो आणि मारियाचं लग्न झालं. त्याच उन्हाळ्यात लंडनला ती घोड्यावरून पडली. तशाही अवस्थेत ती गात राहिली. २३ सप्टेंबरला मँचेस्टरमध्ये ती गेली. वय अवघं २८. पुढचं वर्षभर आणि त्याहूनही जास्त काळ बेरियो लोकांसमोर वाजवायला उभाच राहिला नाही.

त्यानंतर त्याने पुन्हा कार्यक्रम केले. पण १८४३ मध्ये तो ब्रसेल्सच्या कॉन्झर्व्हेटरीत प्रोफेसर झाला आणि गाडीने रूळ बदलला. तिथेही नशिबाने पिच्छा सोडला नाही. नजर अधू होत गेली आणि १८५२ मध्ये नोकरी सोडावी लागली. १८५८ पर्यंत तो पूर्ण आंधळा झाला. १८६६ मध्ये डावा हात लुळा पडला. व्हायोलिनिस्टची बोटं तारांवर फिरतात ती याच हाताची! १८७० मध्ये तो गेला.

सरांचा फंडा

याच उतरत्या काळात त्याने व्हायोलिन शिकवणारं मोठं पुस्तक लिहिलं, ओपस १०२. त्यातला त्याचा मुद्दा आजही पटतो. नुसत्या करामतींच्या मागे धावू नका, व्हायोलिनचं खरं काम माणसाच्या आवाजासारखं गाण्याचं आहे. आपल्याकडे याला ‘गायकी अंग’ म्हणतात. युरोपातल्या एका मोठ्या गायिकेसोबत आयुष्याची काही वर्षं काढलेल्या माणसाने हे सांगावं, यात सगळं आलं.

‘सेन द बाले’त हेच प्रत्यक्षात दिसतं. एकाच वेळी दोन तारा वाजवणं, वरच्या पट्टीतल्या उड्या, बोची चपळाई... इम्प्रेस करायला लागणारं सगळं त्यात आहे. पण स्लो भाग आला की लपायला जागा नाही. फास्ट भाग रियाजाने बसतो. इथे सूर धरून ठेवायला आणि वाक्य पूर्ण करायला आतून काहीतरी लागतं.

फक्त स्टुडंट पीस?

जाणकार कधीकधी असं म्हणून नाक मुरडतात. पण जरा हिशोब मांडा. बेरियोचा शिष्य आंरी व्हिएताँ, त्याचा शिष्य यूजेन इझाई. दोघंही व्हायोलिनच्या इतिहासातली दादा मंडळी! बेरियो आणि मारियाचा मुलगा पियानो शिकवायचा आणि मोरिस राव्हेल त्याचा विद्यार्थी. त्याच राव्हेलने ‘रॅप्सोदी एस्पान्योल’ ही रचना आपल्या या सरांना अर्पण केली.

बायको गेली, डोळे गेले, हात गेला. शिकवलेलं मात्र राहिलं. अप्रेझलच्या सीझनमध्ये आपण स्वतःचं मोल टार्गेटवर मोजतो. आपण टीममधल्या ज्युनिअरला काय शिकवलं, याचा कॉलम त्या फॉर्ममध्ये बहुतेक नसतोच. बेरियोच्या फॉर्ममध्ये शेवटी तेवढाच कॉलम भरलेला राहिला.

कसं ऐकाल?

* एकदा नामवंत कलाकाराचं रेकॉर्डिंग ऐका, मग एखाद्या विद्यार्थ्याचं.
* पहिल्यांदा फक्त ठेका पकडा. बोलेरो कुठे संपतो आणि वॉल्ट्झ कुठे सुरू होतो, ते ओळखा.
* स्लो भागात मोबाइल बाजूला ठेवा. प्लीज!