परदेशी युद्धखर्च, ब्रिटिश भारतातील

परदेशी युद्धखर्च, ब्रिटिश भारतातील : ब्रिटिश अंमलात भारताच्या सरहद्दीबाहेर ज्या लष्करी मोहिमा झाल्या, त्यांचा भारतीय महसुलातून भागविण्यात आलेला खर्च. एका देशातील करदात्यांनी दुसऱ्या भूमीवरील युद्धाचा भार सोसल्याची उदाहरणे इतिहासात अनेक आहेत. तथापि युद्धाचा निर्णय घेणाऱ्या संसदेत ज्यांचे प्रतिनिधी नाहीत, अशा करदात्यांनी शतकाहून अधिक काळ हा भार वाहिल्याचे उदाहरण म्हणून सार्वजनिक आयव्ययाच्या अभ्यासात भारताचे प्रकरण महत्त्वाचे मानले जाते.

खर्चाचे स्वरूप : मोहिमेच्या खर्चाचे साधारण व असाधारण असे दोन भाग करण्यात येत. सैनिकांचे नेहमीचे वेतन व त्यांच्या निर्वाहाचा नित्याचा खर्च हा साधारण खर्च होय. जहाजांचे भाडे, भारवाहू जनावरे, दारूगोळा, विशेष भत्ते इत्यादींचा समावेश असाधारण खर्चात होई. भारतीय फौज साम्राज्याच्या कामासाठी बाहेर गेल्यास असाधारण खर्च ब्रिटनने व साधारण खर्च भारताने सोसावा, अशी वाटणी अनेकदा करण्यात आली. या पलटणी भारतात राहिल्या असत्या तरी त्यांचे वेतन भारतालाच द्यावे लागले असते, हे तिचे समर्थन होते. ज्या पलटणी बाहेर पाठविल्याने देशाच्या संरक्षणास बाध येत नाही, त्या मुळातच गरजेपेक्षा अधिक आहेत व त्यांचा कायमचा खर्च भारतावर लादणे अन्यायाचे आहे, असे भारतीय टीकाकारांचे उत्तर होते.

१८५८ च्या भारत सरकार कायद्याच्या ५५ व्या कलमानुसार प्रत्यक्ष आक्रमणाचे निवारण वा अन्य आकस्मिक व निकडीची गरज वगळता, सरहद्दीबाहेरील मोहिमांसाठी भारतीय महसूल वापरण्यास ब्रिटिश संसदेच्या दोन्ही सभागृहांची संमती आवश्यक करण्यात आली. हे बंधन भारताच्या रक्षणासाठी असले, तरी व्यवहारात ते दुबळे ठरले. ज्या संसदेने संमती द्यावयाची तिला निवडून देणारा मतदार ब्रिटिश होता, आणि भारताने दिलेल्या प्रत्येक रकमेने त्याच्याच करांची बचत होत होती.

प्रमुख मोहिमा : पहिल्या अफगाण युद्धाचा (१८३८–४२) सु. दीड कोटी पौंडांचा खर्च ईस्ट इंडिया कंपनीने भारतीय महसुलावर टाकला. रशियाच्या प्रभावास आळा घालणे हा त्यामागील मुख्य हेतू साम्राज्याच्या यूरोपीय राजकारणाशी निगडित होता.

ॲबिसिनियाच्या (इथिओपिया) मोहिमेत (१८६७–६८) सम्राट टेवोड्रॉसने कैदेत ठेवलेल्या यूरोपीयांच्या सुटकेसाठी मुंबई इलाख्याच्या सेनेचा सरसेनापती सर रॉबर्ट नेपिअर याच्या नेतृत्वाखाली भारतातून फौज पाठविण्यात आली. तोफा वाहण्यासाठी हत्तीदेखील जहाजांतून नेण्यात आले. मोहिमेचा खर्च मूळ अंदाजाच्या दुपटीहून अधिक, म्हणजे जवळजवळ ९० लक्ष पौंड झाला. त्याचा मोठा भाग ब्रिटनने उचलला. साधारण खर्च मात्र भारताकडे राहिला. ब्रिटनमध्ये प्राप्तिकराचा दर पौंडामागे ४ पेन्सांवरून ५ व पुढे ६ पेन्स करण्यात आला, त्यामुळे तेथील करदात्यास युद्धाची किंमत तत्काळ समजली आणि त्याबद्दल मंत्रिमंडळास जाब विचारणे त्याला शक्य झाले. भारतातील रयतेस यांपैकी एकही गोष्ट शक्य नव्हती.

दुसऱ्या अफगाण युद्धाचे (१८७८–८०) परिणाम अधिक गंभीर झाले. १८७६–७८ च्या भीषण दुष्काळात दख्खन, मद्रास व म्हैसूर हे प्रदेश होरपळून निघाले होते. पुढील दुष्काळांची तरतूद म्हणून दरवर्षी दीड कोटी रुपये बाजूस काढण्याची योजना सरकारने आखली व त्यासाठी १८७८ मध्ये व्यापार-धंद्यांवर परवाना कर आणि काही प्रांतांत जमिनीवर उपकर बसविला. या कराविरुद्ध सुरत येथे एप्रिल १८७८ मध्ये हरताळ व दंगा झाला. कराचे उत्पन्न दुष्काळाखेरीज अन्यत्र खर्ची पडणार नाही, असे आश्वासन देण्यात आले होते. परंतु युद्ध सुरू झाल्यावर १८७९-८० मध्ये दुष्काळ विम्याची तरतूद स्थगित करण्यात आली. कर मात्र चालूच राहिला.

या युद्धाचा खर्च ६० लक्ष पौंडांच्या आत राहील, असा वित्त सदस्य सर जॉन स्ट्रेची याचा अंदाज होता. प्रत्यक्षात तो १ कोटी ७० लक्ष पौंडांवर गेला. खजिन्यांतून लष्कराकडे रोख रकमा जात होत्या. पण त्यांचे तपासलेले हिशेब फार उशिरा येत, हे या चुकीचे एक कारण होते. ग्लॅडस्टनच्या मंत्रिमंडळाने ५० लक्ष पौंडांचे साहाय्य दिले. बाकी भार भारतावर राहिला.

ईजिप्तच्या मोहिमेत (१८८२) भारतीय तुकडीच्या खर्चापोटी ब्रिटनने ५ लक्ष पौंड दिले व उर्वरित रक्कम भारत सरकारचा विरोध असतानाही भारताकडून घेतली. १८९६ मध्ये सूदानमधील सुआकिन येथे पाठविलेल्या भारतीय तुकडीचा साधारण खर्च भारतावर टाकण्यात आला, तेव्हा खुद्द भारत सरकारने निषेध नोंदविला आणि जॉन मोर्ली याने संसदेत विरोध केला. तथापि ठराव संमत झाला.

करांवरील परिणाम : १८८५ च्या तिसऱ्या ब्रह्मी युद्धानंतर उत्तर ब्रह्मदेश ताब्यात ठेवण्याचा खर्च वाढत गेला. सरहद्दीवरील वाढत्या लष्करी खर्चाची त्यात भर पडली. १८८६ मध्ये परवाना कराच्या जागी प्राप्तिकर आला; वार्षिक ५०० रुपयांपेक्षा कमी उत्पन्न व शेतीचे उत्पन्न त्यातून वगळण्यात आले. एवढ्याने भागेना, तेव्हा १८८८ मध्ये मिठावरील कर मणामागे २ रुपयांवरून अडीच रुपये करण्यात आला. मीठ ही गरिबातील गरिबाचीही नित्य गरज असल्यामुळे दूरच्या युद्धाचा काही भाग प्रत्येक चुलीपर्यंत पोहोचला. मुंबईत डिसेंबर १८८५ मध्ये भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या पहिल्या अधिवेशनात उत्तर ब्रह्मदेशाच्या सामिलीकरणाविरुद्ध ठराव झाला होता, हे या संदर्भात लक्षणीय आहे.

वेल्बी आयोग : दादाभाई नवरोजी यांच्या संपत्ति-अपहाराच्या सिद्धांतात परदेशी युद्धखर्चास महत्त्वाचे स्थान होते. भारताच्या खर्चाच्या चौकशीसाठी १८९५ मध्ये लॉर्ड वेल्बी याच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या राजकीय आयोगावर दादाभाई, सर विल्यम वेडरबर्न व डब्ल्यू. एस. केन हे सदस्य होते. १८९७ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्याच्या डेक्कन सभेतर्फे व दिनशा वाच्छा यांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशनतर्फे आयोगापुढे साक्ष दिली. सुरेंद्रनाथ बॅनर्जी व जी. सुब्रह्मण्य अय्यर यांच्याही साक्षी झाल्या. आयोगाच्या १९०० मधील अहवालात बहुमताने फौजांच्या वाहतुकीच्या व एडनच्या खर्चात ब्रिटनने वाटा उचलावा, अशी शिफारस केली. भारताचे हितसंबंध कोणत्या प्रदेशात कितपत गुंतलेले आहेत, याचीही तत्त्वे त्यात मांडली होती. त्यांनुसार यूरोपातील युद्धांशी भारताचा संबंध नव्हता, पण सुएझ कालवा खुला राहण्यात त्याचे हित होते. दादाभाई, वेडरबर्न व केन यांनी भिन्न मतपत्रिका जोडली. मिळालेली सवलत अल्प असली, तरी भारताचा हिशेब स्वतंत्रपणे मांडला गेला पाहिजे, हे तत्त्व या चर्चेतून पुढे आले.

पहिले महायुद्ध : १९१४ मध्ये परदेशी गेलेल्या भारतीय फौजांचा साधारण खर्च भारताने सोसावा, असे संसदेच्या ठरावांन्वये ठरले. १९१७ मध्ये भारताच्या वतीने १० कोटी पौंडांची, म्हणजे तत्कालीन दराने १५० कोटी रुपयांची ‘देणगी’ जाहीर झाली. ही रक्कम भारत सरकारच्या सु. एका वर्षाच्या महसुलाइतकी होती. तिचा काही भाग भारतात उभारलेल्या युद्धकर्जातून देण्यात आला व उर्वरित रकमेपोटी ब्रिटिश युद्धकर्जाचे दायित्व भारताने पत्करले. व्याज व परतफेड यांसाठी दरवर्षी सु. ६० लक्ष पौंडांची तरतूद करावी लागली. मिठावरील कर १९१६ मध्ये मणामागे १ रुपयावरून सव्वा रुपया झाला, प्राप्तिकराचे दर वाढले, १९१७ मध्ये अधिकर सुरू झाला आणि आयात सुती कापडावरील जकात साडेतीन टक्क्यांवरून साडेसात टक्के करण्यात आली. या जकातीने मुंबईच्या गिरण्यांना संरक्षण मिळाले. परंतु ग्राहकास कापड महाग पडले.

दुसरे महायुद्ध : १९३९-४० च्या संरक्षण खर्च करारानुसार भारताने शांतताकाळातील नेहमीचा खर्च, भाववाढीमुळे त्यात होणारी वाढ, स्वतःच्या संरक्षणाचे उपाय आणि परदेशी फौजांपोटी १ कोटी रुपयांची ठोक रक्कम सोसावी व बाकीचा खर्च ब्रिटनने द्यावा, असे ठरले. कागदोपत्री ही वाटणी पूर्वीपेक्षा न्याय्य होती. तथापि ब्रिटनचे देणे लंडनमध्ये स्टर्लिंगच्या रूपाने जमा होई व त्याच्या आधारावर भारतात नोटा छापून मालाची खरेदी केली जाई. चलनातील नोटा १९३९ मधील सु. १८० कोटी रुपयांवरून १९४६ पर्यंत १,२०० कोटींवर गेल्या, किंमती भडकल्या. कोणत्याही विधिमंडळाने मंजूर न केलेला हा करच होता आणि तो मुख्यत्वे भूमिहीन मजूर व अल्प वेतनधारकांवर पडला. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात २० ते ३० लाख माणसे मृत्युमुखी पडली. त्याच्या कारणांत युद्धकालीन भाववाढीस अर्थशास्त्रज्ञ महत्त्वाचे स्थान देतात.

युद्धाअखेरीस भारताची स्टर्लिंग शिल्लक सु. १३० कोटी पौंडांवर पोहोचली आणि शतकभर ऋणको असलेला देश ब्रिटनचा धनको बनला. १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत भारतीय शिष्टमंडळाने हा प्रश्न मांडला. त्यात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचा समावेश होता. पुढील करारांन्वये ही रक्कम टप्प्याटप्प्याने मोकळी झाली. तिचा काही भाग ब्रिटिशांनी मागे ठेवलेल्या लष्करी सामग्रीच्या किंमतीत व निवृत्तिवेतनांच्या दायित्वात वळता करण्यात आला.

मूल्यमापन : या इतिहासातून काही निष्कर्ष निघतात. युद्धखर्चाचे प्रारंभीचे अंदाज बहुधा अपुरे ठरतात. तह झाल्यावरही कर्जाचे व्याज व निवृत्तिवेतने यांच्या रूपाने खर्च चालू राहतो. प्रत्यक्ष कर, मिठासारख्या वस्तूंवरील कर, कर्ज व चलनवाढ यांपैकी कोणता मार्ग निवडला, यावर भार कोणत्या वर्गावर पडणार हे अवलंबून असते; आणि मार्ग जितका अदृश्य, तितका तो दुर्बलांना अधिक जाचक ठरतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जो निर्णय घेतो तोच खर्च देत असेल, तरच खर्चास मर्यादा राहते. स्वतंत्र भारताच्या संविधानात कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर बसविता येत नाही (अनुच्छेद २६५) आणि कायद्यानुसार विनियोजन झाल्याशिवाय संचित निधीतून रक्कम काढता येत नाही (अनुच्छेद ११४). वेल्बी आयोगापुढे साक्ष देणाऱ्यांची करदात्याच्या संमतीची मागणी या तरतुदींत पूर्णत्वास गेलेली दिसते.