परदेशातील अंगठेबहाद्दर

परदेशी जाऊन आलेल्या मनुष्याने काय सांगावे, याचे आपल्याकडे काही संकेत ठरून गेले आहेत. तिकडचे रस्ते आरशासारखे स्वच्छ असतात, गाड्या घड्याळाच्या काट्यावर सुटतात आणि वरण मात्र काही केल्या घरच्यासारखे होत नाही, एवढे सांगितले की श्रोत्यांचे समाधान होते. वाचकांनी माझ्याकडून यांपैकी कशाचीच अपेक्षा करू नये. मी ज्या ज्या देशांत गेलो, तेथील दारे, खटके, पाट्या आणि तिकिटांची यंत्रे पाहत हिंडलो. सोबतची मंडळी मनोऱ्यांची छायाचित्रे घेत असत, तेव्हा मी लिफ्टच्या बटणांची घेत असे. त्यावरून मित्रमंडळींत माझी पुष्कळ थट्टा होते. पण हे वेड माझ्या पोटापाण्याचे आहे.

मी संगणकाचे सॉफ्टवेअर तयार करतो, आणि त्यातही माझे काम दर्शनी भागाचे. मोबाईलच्या पडद्यावर जे दिसते, ज्यावर आपण बोट ठेवतो आणि ज्याच्याकडून उत्तराची वाट पाहतो, त्याला आमच्या धंद्यात इंटरफेस म्हणतात. मी आपला त्याला ओसरी म्हणतो. घर कितीही मोठे असो, परका मनुष्य प्रथम येतो तो ओसरीवर. चपला कोठे काढाव्यात, बसावे कोठे, हाक कोणाला मारावी, हे त्याला न विचारता उमगले तर ते घर शहाण्याचे समजावे. ओसरीवरच पाहुणा गोंधळून उभा राहिला, तर माजघरातल्या श्रीमंतीचा त्याला काय उपयोग?

माझे गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. काळ्या मातीचा आणि पांढऱ्या कापसाचा हा मुलूख. दारव्ह्यावरून यवतमाळ-मूर्तिजापूर ही नॅरोगेज आगगाडी जात असे. तिचे लाडके नाव शकुंतला. १९२१ साली मँचेस्टरला घडलेले वाफेचे इंजिन तिला १९९४ पर्यंत ओढत होते. मग डिझेलचे इंजिन आले, आणि पुढे गाडीच बंद पडली. या गाडीने जाण्यासाठी लिहिता-वाचता येण्याची काही गरज नव्हती. गाडी केव्हा येईल हे फलाटावरचा कोणीही सांगे, आणि उतरायचे कोठे हे डब्यातली म्हातारी सांगे. ओळखीच्या मुलखाची मौज हीच, की तेथे अक्षरशत्रू मनुष्यसुद्धा अडून राहत नाही. माणूसच माणसाला वाट दाखवतो.

परक्या मुलखात नेमके उलटे होते. कामानिमित्त मी प्रथम टोकियोला गेलो, तेव्हा इंजिनिअरिंगची पदवी गाठीशी होती. परंतु समोरच्या पाटीवरचे एक अक्षर लागेल तर शपथ! आमच्याकडे सहीऐवजी अंगठा उठवणाऱ्याला अंगठेबहाद्दर म्हणतात. त्या स्थानकात मी शंभर नंबरी अंगठेबहाद्दर होतो. विचारावे तर भाषा येत नाही, आणि मागून येणारी गर्दी तर थांबायला तयार नाही.

असे असूनही मी मुक्कामी नीट पोहोचलो, ही करामत माझी नव्हे. टोकियोच्या भुयारी रेल्वेने २००४ पासून प्रत्येक स्थानकाला नावाखेरीज एक अक्षर आणि आकडा दिला आहे. गिन्झा मार्ग नारिंगी. त्यावर गिन्झा हे स्थानक जी ०९, तर आसाकुसा जी १९. नाव वाचता येत नसले तरी आकडा वाढतो आहे की घटतो आहे, एवढे पाहिले की गाडी आपल्या दिशेची की उलटी हे कळते. फलाटावर पायांखाली पिवळ्या, उठावाच्या फरश्या लागतात. लांबट उठाव म्हणजे पुढे चला, गोल ठिपके म्हणजे सावध व्हा. अंधांना पायांनी वाचता यावे म्हणून सेइइची मियाके या गृहस्थांनी १९६५ साली ही फरशी शोधून काढली आणि १९६७ साली ओकायामा शहरात ती प्रथम बसली. आज ती जगभर दिसते. आपल्याकडील मेट्रोच्या फलाटांवरही आहे.

जपानी लोक सर्वज्ञ असतात असे मात्र नव्हे. तेथील शौचकूपाला विमानाच्या खोलीत शोभतील इतकी बटणे असतात, आणि निरनिराळ्या कारखानदारांची चिन्हे पूर्वी निरनिराळी असत. पाणी सोडण्याचे बटण कोणते, या प्रश्नापुढे भलेभले पाहुणे हतबुद्ध होत. तेव्हा २०१७ साली तिकडच्या कारखानदारांनी एकत्र बसून मुख्य आठ क्रियांची चिन्हे सारखी ठरवली. पाहुणा गोंधळतो याचा अर्थ आपली खूण कमी पडते, असे त्यांनी मानले. मला या घटनेत फार मोठी सभ्यता दिसते.

लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशाही असाच. हॅरी बेक नावाच्या एका ड्राफ्ट्समनने तो १९३१ साली काढला आणि १९३३ साली तो छापून लोकांच्या हाती आला. विजेच्या मंडलाची आकृती काढतात तशा त्याने आडव्या, उभ्या आणि तिरक्या सरळ रेषा ओढल्या. खरी अंतरे नाहीत, रस्त्यांची वळणे नाहीत. जमिनीखालच्या प्रवाशाला वरची वळणे काय करायची आहेत? त्याला हवे असते एवढेच, की कोठे बसावे, कोठे बदलावे, कोठे उतरावे. बाकीचे सारे खरे असूनही बेकने गाळले. जवळ असलेली सगळी माहिती पडद्यावर ओतण्याचा मोह होणाऱ्या आमच्या धंद्यातील प्रत्येकाने हा नकाशा डोळ्यांसमोर ठेवावा.

अमेरिकेतील डोनाल्ड नॉर्मन या विद्वानाने १९८८ साली नित्याच्या वस्तूंवर एक पुस्तक लिहिले. त्यात दारांचा विचार इतका मार्मिक आहे, की उलटसुलट वागणाऱ्या दाराला आमच्या व्यवसायात आता ‘नॉर्मनचे दार’च म्हणतात. धरण्याजोगी मूठ दिसली की हात ओढतो. सपाट पत्रा दिसला की ढकलतो. मूठ लावून ‘ढकला’ अशी पाटी चिकटवायची, म्हणजे हाताला एक आणि डोळ्यांना दुसरे सांगायचे. आमच्या वाड्याच्या दाराला लोखंडी कडी होती. ती ओढायची असते, हे पाटी लावून कोणाला सांगावे लागले नाही.

एवढे ऐकून कोणास वाटेल, की शहाणपण सारे समुद्रापलीकडेच पिकते. तसे मुळीच नाही. १९५१ च्या जनगणनेत आपल्या देशात शंभरांपैकी जेमतेम अठरा माणसे साक्षर होती, आणि त्याच सुमारास सतरा कोटींहून अधिक मतदारांची पहिली सार्वत्रिक निवडणूक घ्यायची होती. मतदारांना आधी वाचायला शिकवा, मग मत द्या, अशी अट घातली गेली नाही. काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचे झाड, जनसंघाची पणती अशी चिन्हे ठरली. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवली आणि पेटीवर चिन्ह लावले. ज्याला स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते, त्याने सरकार निवडले. त्यानंतर सतरा वर्षांनी, १९६९ साली, मेक्सिको शहरात भुयारी रेल्वे सुरू झाली. तेथेही पुष्कळांना वाचता येत नव्हते, म्हणून लान्स वायमन या चित्रकाराच्या कल्पनेने प्रत्येक स्थानकाला एकेक चित्र मिळाले. चापुल्तेपेक स्थानकाचे चित्र नाकतोड्याचे! दोन खंडांतली ही युक्ती, पण मन एकच.

आपल्या मतदान यंत्राचे रूपही मुंबईतच, पवईच्या आय. आय. टी.तील औद्योगिक अभिकल्प केंद्रात, ए. जी. राव आणि रवी पूवय्या या प्राध्यापकांनी घडवले. चिन्हासमोर निळे बटण, दाबताच लाल दिवा आणि एक लांब आवाज. आपले मत गेले, हे डोळ्यांना आणि कानांना एकदमच कळते. यंत्राने मनुष्याला ‘तुझे काम झाले’ असे सांगणे किती मोलाचे असते, हे रांगेत उभ्या असलेल्या एखाद्या आजीबाईंना विचारावे.

आता मुद्द्याची गोष्ट. शेतात काय पेरले आहे याची नोंद पूर्वी तलाठी करीत असे. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून, मोबाईलवर गट क्रमांक आणि पीक भरून, पिकाचे छायाचित्र काढायचे. कल्पना उत्तम, कारण ज्याचे पीक त्याचीच नोंद. २०२५ च्या हंगामात कापूस महामंडळाने हमीभावाने कापूस विकण्यासाठी ‘कपास किसान’ या ॲपवर नोंदणी आणली. म्हणजे पीक कर्ज, नुकसानभरपाई आणि कापसाचा भाव या तिन्ही वाटा आता तळहाताएवढ्या पडद्यावरून जातात. तेथे शेतकरी अडला आणि मुदत टळली, तर व्यापारी देईल त्या भावाने कापूस घालावा लागतो. शहरात आपण ॲपवर अडलो तर जेवण उशिरा येते. त्याच्या वर्षाच्या मिळकतीवर बेतते.

माझे थोरले काका सत्तरी ओलांडलेले. कापसाची चिमूट बोटांत धरून धाग्याची लांबी सांगणारे. मागे एकदा कसला तरी अर्ज ते मोबाईलवर भरत होते. कसला आणि कोणाचा, ते सांगण्याचे प्रयोजन नाही. त्यांनी तारीख आपल्या रीतीने घातली, आधी दिवस, मग महिना. यंत्राला महिना आधी हवा होता. ते त्याने आधी सांगितले नाही, आणि मग इंग्रजीत, तांबड्या अक्षरांत, तारीख अमान्य केली. तीनदा हाच प्रकार झाल्यावर काकांनी मोबाईल खाली ठेवला आणि म्हणाले, ‘‘माहंच काही चुकलं असन.’’

त्यांचे काहीही चुकले नव्हते. आणि खेड्यापाड्यांतून हेच वाक्य दररोज उच्चारले जाते. जन्मभर विळा-कोळप्याने रेषा झिजलेला अंगठा यंत्राला ओळखू येत नाही, तेव्हाही खजील होतो तो अंगठ्याचा धनीच. टोकियोच्या फलाटावर मी परका होतो, पण कोणत्याही पाटीने मला खजील केले नाही. काका स्वतःच्या गावात, स्वतःच्या ओट्यावर बसून परके झाले. माझ्या मते पडदा चांगला की वाईट याची कसोटी हीच: तो वापरणाऱ्याला शरमिंदे करतो का?

म्हणून आमच्या कचेरीत नवा पडदा तयार झाला, की ज्याने तो पूर्वी पाहिलेला नाही अशा मनुष्याच्या हाती मी तो देतो आणि हाताची घडी घालून गप्प उभा राहतो. गप्प राहणे सर्वांत अवघड! मी कोठे आहे, आता काय करू, आणि चुकले तर मागे कसा येऊ, या तीन प्रश्नांची उत्तरे त्याला पडद्यानेच दिली पाहिजेत. तो जेथे थबकतो, तेथे मी खूण करतो. त्या जागी आमचे काम अपुरे आहे, असा त्याचा अर्थ.

दिवाळीच्या सुमारास आमच्याकडे कापसाची वेचणी सुरू झालेली असते, आणि शहरांत घरोघरी वडीलधारी मंडळी जमलेली असतात. फराळ आटोपल्यावर कोणी काका, कोणी आत्या हळूच मोबाईल पुढे करतील आणि म्हणतील, ‘‘हे जरा बघ रे, मला काही यातले कळत नाही.’’ अशा वेळी मोबाईल हातातून काढून घेऊन झटपट काम उरकू नये. तो त्यांच्याच हाती राहू द्यावा, आणि कोठे अडले ते बोटाने दाखवायला सांगावे. मग त्या जागेवर बोट ठेवून आपण त्यांना एवढेच सांगावे, की तुमचे काही चुकले नाही. या ओसरीवर पायरीच बसवायची राहून गेली आहे.