सूर्यावर सापडलेले मूलद्रव्य : हेलियम

१८ ऑगस्ट १८६८ रोजी, आपले मुदखेड निजामाच्या अमलाखाली असताना, खग्रास ग्रहणाची छाया आपल्या दक्षिणेकडून विजापूर, गुंटूर अशी पूर्वेस सरकली; त्या दिवशी पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी, मेघांची आडकाठी असतानाही, सौरज्वालांच्या वर्णपटात तीन तेजोरेषा पाहिल्या, परंतु त्यांतील नारिंगी रेषा सोडियमचीच, असा त्यांचा ग्रह झाला.

गुंटूरला असलेल्या फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन यांनी दुसऱ्याच दिवशी, ग्रहण नसतानाही, त्या ज्वालांच्या रेषा पाहण्याची युक्ती साधली. आणि २० ऑक्टोबरला इंग्लंडमधून इंग्रज ज्योतिर्विद लॉकयर यांनी हीच रीत स्वतंत्रपणे अवलंबिली, तेव्हा तीच नारिंगी-पिवळसर रेषा सोडियमच्या जोडरेषेहून निराळ्या जागी, सुमारे ५८७.६ नॅनोमीटरवर आढळली. विजयदुर्गावरून लॉकयरसाहेबांनी हा शोध लावल्याची कथा लोकप्रिय असली, तरी ते त्या ग्रहणास हिंदुस्थानात आलेच नव्हते!

ही रेषा कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळत नसल्याने ती नव्या मूलद्रव्याची मानली गेली आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याचे ‘हेलियम’ असे नामकरण झाले. धातूंना शोभणारा प्रत्यय लागलेले हे द्रव्य वस्तुतः निष्क्रिय वायू निघाले. पृथ्वीवर त्याचा पुरावा रसायनशास्त्रज्ञ रॅम्झे यांनी १८९५ मध्ये युरेनियमयुक्त खनिजातून दाखल केला. नव्या मूलद्रव्यासाठी आता मात्र शोधकर्त्यांनी सुचविलेले नाव पाच महिने जाहीर अवलोकनार्थ ठेवून मगच आंतरराष्ट्रीय रसायन-संघ मंजूर करतो. निहोनियम, मॉस्कोव्हियम, टेनेसीन व ओगॅनेसॉन ही नावे २०१६ मध्ये अशीच कायम झाली.