मागे न वळलेले धावपटू



नऊ मुलांच्या शर्यतीची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी एखाद्या उपदेशात ऐकली असेल. बौद्धिक अक्षमता असलेली नऊ मुले धावायला उभी राहतात. एक अडखळून पडतो आणि रडू लागतो. उरलेले आठही जण थांबतात, मागे वळतात, त्याला उठवतात आणि हातात हात घालून सगळे मिळून शर्यत संपवतात. कोणी ही गोष्ट सिएटलची म्हणून सांगतो, कोणी हैदराबादची. मीही ती रविवारच्या शाळेत दोनदा सांगितली आहे.

मूळ प्रसंग १९७६ सालचा, अमेरिकेतील स्पोकेन शहरात झालेल्या स्पेशल ऑलिंपिक्सच्या मैदानावरचा. एक खेळाडू पडला, हे खरे. एक-दोघे वळले आणि त्याला घेऊन आले, हेही खरे. बाकीचे मात्र धावतच राहिले. त्यात त्यांचे काही चुकले नाही. ते सराव करून आलेले खेळाडू होते आणि त्यांना जिंकायचे होते. आपल्या गोड गोष्टीतून नेमके हेच गळून पडते.

या स्पर्धांच्या मुळाशी एका घरातले दुःख आहे. अमेरिकेतील केनेडी कुटुंबाची थोरली मुलगी रोझमेरी, जन्म १९१८. ती शिकण्यात मागे राहिली. १९४१ मध्ये, ती तेवीस वर्षांची असताना, वडिलांनी तिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करवली. ती फसली आणि रोझमेरीचे चालणे-बोलणेही बरेचसे गेले. पुढची कित्येक दशके ती दूरच्या एका संस्थेत राहिली. बाहेर तिचे नाव क्वचितच निघे. १९६२ साली, भाऊ जॉन राष्ट्राध्यक्षपदी असताना, तिची धाकटी बहीण युनिस केनेडी श्रायव्हर यांनी एका मोठ्या नियतकालिकात लेख लिहून बहिणीची अक्षमता जगाला सांगितली. (शस्त्रक्रियेबद्दल मात्र त्या लेखात अक्षर नव्हते. घरातली झाकलेली गोष्ट एका दमात उघडी होत नाही.) त्याच वर्षी त्यांनी मेरीलँडमधल्या आपल्या घराच्या आवारात अशा मुलांसाठी उन्हाळी शिबिर भरवले. शिकागोतील अ‍ॅन मॅक्ग्लोन या तरुण क्रीडाशिक्षिकेने शहरात स्पर्धा भरवण्याची कल्पना मांडली, श्रायव्हर यांनी तिला बळ दिले आणि २० जुलै १९६८ रोजी सोल्जर फील्ड मैदानावर अमेरिका व कॅनडातील सुमारे एक हजार खेळाडू उतरले. आज उन्हाळी आणि हिवाळी जागतिक स्पर्धा आलटून पालटून दर दोन वर्षांनी होतात.

पण सगळ्यांची क्षमता सारखी नसताना शर्यत खरी कशी व्हायची? शंभर मीटर एक जण अठरा सेकंदांत धावतो, दुसऱ्याला चाळीस लागतात. दोघांना एकत्र उभे केले तर निकाल आधीच ठरलेला. सगळ्यांना सारखेच बक्षीस दिले तर ती शर्यतच उरत नाही, आणि हे त्या मुलांनाही कळते. यावर काढलेला मार्ग मला फार शहाणपणाचा वाटतो. आधी प्राथमिक फेरी घेतात. तिच्यातील वेळ, वय आणि स्त्री-पुरुष असा भेद पाहून तीन ते आठ जणांचे गट पाडतात. एका गटातील सर्वांत चांगल्या आणि सर्वांत कमी कामगिरीत साधारण पंधरा टक्क्यांहून जास्त अंतर नसावे, असा दंडक आहे. म्हणजे पहिला वीस सेकंदांचा असेल, तर शेवटचा तेवीसच्या आसपासचा. चाळीस सेकंदवाल्यांची शर्यत वेगळी, पण तिच्यातही शेवटच्या पावलापर्यंत चुरस. पहिल्या तिघांना पदके, पुढच्यांना क्रमांकाप्रमाणे फिती.

मग कोणी प्राथमिक फेरीत मुद्दाम हळू धावले तर? त्याचीही सोय आहे. अंतिम फेरीत कामगिरी पंधरा टक्क्यांहून अधिक सुधारली, तर खेळाडू बाद होऊ शकतो. तीस सेकंद दाखवून अंतिम फेरीत चोवीस सेकंदांत धावणाऱ्याला पंच सोडत नाहीत.

वरच्या स्पर्धेला कोण जाणार, हेही फक्त वेगावर ठरत नाही. सर्व गटांतील पहिले क्रमांक पात्र धरतात आणि जागा कमी असतील तर चिठ्ठ्या टाकतात. चाळीस सेकंदांचा धावपटू जागतिक स्पर्धेला जाऊ शकतो, तो असा.

इथे पॅरालिंपिकशी गल्लत होते. तिथे त्या त्या वर्गातील सर्वोत्तम खेळाडूंची निवड होते आणि मुख्यतः शारीरिक व दृष्टीची अक्षमता असलेले खेळाडू असतात. सिडनी २००० मध्ये बौद्धिक अक्षमतेच्या बास्केटबॉल गटात सुवर्ण जिंकणाऱ्या स्पेनच्या बारा खेळाडूंपैकी दहांना अशी अक्षमताच नव्हती, असे उघड झाले. पदक काढून घेतले गेले, पण शिक्षा खऱ्या खेळाडूंनाही भोगावी लागली. लंडन २०१२ पर्यंत त्यांच्यासाठी पॅरालिंपिकचे दार बंद राहिले.

बर्लिन येथे २०२३ साली सुमारे सात हजार खेळाडू २६ खेळांत उतरले. भारताने २०२ पदके आणली : ७६ सुवर्ण, ७५ रौप्य, ५१ कांस्य. आनंद जरूर करावा, पण हा आकडा ऑलिंपिकच्या पदकांशेजारी ठेवू नये. इथे एकाच शर्यतीचे अनेक गट असतात आणि स्पेशल ऑलिंपिक्स स्वतः देशांची क्रमवारी लावत नाही.

मैदानाशेजारी आणखी एक काम चालते, त्याची छायाचित्रे कमी छापली जातात. डोळे, कान, दात, पाय यांची मोफत तपासणी. दाढ दुखते हे ज्याला सांगता येत नाही, तो चिडतो, जेवत नाही. घरचे म्हणतात, स्वभावच तसा. कित्येकांना आयुष्यातला पहिला चष्मा अशा तपासणीतून मिळाला आहे.

आपल्याकडे हे काम स्पेशल ऑलिंपिक्स भारत ही संस्था राज्य शाखांमार्फत पाहते. स्पर्धेसाठी वयाची आठ वर्षे पूर्ण हवीत. दोन ते सात वर्षांच्या मुलांसाठी खेळातून हालचाली शिकवणारा वेगळा कार्यक्रम आहे. वरची वयोमर्यादा नाही. घरात चाळीस वर्षांचा भाऊ बसून असेल, तर त्याचाही विचार करावा. त्याला धावता येत नसले तरी जमिनीवरून चेंडू घरंगळवत खेळायचा बोची हा खेळ आहे. शिवाय अक्षमता नसलेल्या जोडीदारांसोबत एकाच संघात खेळण्याचेही प्रकार आहेत, म्हणजे आपल्या तरुण संघातील मुलांनाही जागा आहे. खेळण्याआधी डॉक्टरांकडून तपासणीचा अर्ज भरून घ्यावा लागतो. डाउन सिंड्रोम असेल तर मानेच्या मणक्यांविषयी डॉक्टरांना आवर्जून विचारावे, कारण कोलांटीसारखे काही प्रकार त्यांना धोक्याचे ठरू शकतात.

पुढील उन्हाळी जागतिक स्पर्धा २०२७ साली चिली देशातील सँटियागो येथे आहेत.