कराची-मुंबई : आकाशातील वळसा

कराची आणि मुंबई या दोन विमानतळांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ८७५ किलोमीटर भरते. मुंबईहून दिल्ली याहून दूर आहे. जेट विमानाला एवढी मजल मारण्यास दीड तास पुरे. धावपट्टीवरील खोळंबा धरला तरी दोन तासांच्या आसपास प्रवासी उतरावा. तथापि आज कराचीहून मुंबईस येऊ इच्छिणाऱ्याला, व्हिसा मिळालाच तर, बहुधा दुबईची वाट धरावी लागते. कराची-दुबई सुमारे १,१९० आणि दुबई-मुंबई सुमारे १,९३० किलोमीटर. म्हणजे आग्नेयेस यायचे म्हणून आधी पश्चिमेस जायचे आणि साडेतीनपट आकाश तुडवायचे! दुबईतील प्रतीक्षा जमेस धरता सात-आठ तास सहज जातात.

या सात तासांना एक इतिहास आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी एका इंजिनाच्या चिमुकल्या 'पस मॉथ' विमानातून टपालाच्या थैल्या कराचीहून मुंबईस आणल्या. सकाळी निघून, वाटेत अहमदाबादेस इंधन घेऊन, ते दुपारी जुहूच्या मैदानावर उतरले. त्यांना लागले सुमारे सात तास. यंत्रविद्येने नव्वद वर्षांत कमावलेला वेग राजकारणाने असा पुरता गिळून टाकला आहे.

त्या काळी कराची परकी नव्हती. १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराचीतील नारायण जगन्नाथ विद्यालय हे सिंधच्या शिक्षणखात्यात अधिकारी असलेल्या नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी गृहस्थाचे नाव आजही मिरवते. फाळणीनंतर उलट दिशेने आलेल्या सिंधी निर्वासितांनी कल्याणजवळ उल्हासनगर वसविले. त्यांच्यातील वृद्धांना आपले जन्मगाव पाहावेसे वाटले, तर त्यात राष्ट्रद्रोह कसला?

सरकारांची अडचण आम्हास समजत नाही असे नाही. पहलगाम येथे २२ एप्रिल २०२५ रोजी २६ निरपराधांची हत्या झाल्यावर कोणतेही सरकार स्वस्थ बसू शकले नसते. त्यानंतर आठवडाभरात उभय देशांनी एकमेकांच्या विमानांना आपापले आकाश बंद केले. त्याचा भुर्दंड दिल्लीहून युरोप-अमेरिकेस जाणाऱ्या विमानांना जादा इंधनाच्या रूपाने भरावा लागला. असे पूर्वीही घडले होते : १९७१ च्या आरंभी 'गंगा' विमानाच्या अपहरणानंतर भारताने आकाश बंद केले, तेव्हा पाकिस्तानी विमानांना पूर्व बंगालकडे जाण्यासाठी श्रीलंकेचा वळसा घ्यावा लागला होता. पुढे युद्ध झाले आणि तरीही १९७६ साली विमाने पुन्हा सुरू झाली. १९८२ मध्ये तर अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या जे. आर. डीं.नी तेच कराची-मुंबई उड्डाण पुन्हा करून दाखविले. दोन्ही सरकारांनी ते होऊ दिले. दोन युद्धांच्या जखमा तेव्हा आजच्याहून ताज्या होत्या.

तेव्हा आकाश खुले करण्याची बोलणी होतील, त्या वेळी केवळ दूर पल्ल्याच्या विमानांच्या इंधनखर्चाचा विचार होऊ नये. आठवड्यातून एखादे तरी थेट कराची-मुंबई विमान त्या मसुद्यात असावे. २०१२ च्या व्हिसा करारात ६५ वर्षांवरील नागरिकांना अटारीच्या नाक्यावर पोहोचताच व्हिसा देण्याची तरतूद होती. चौकशीचे नियम हवे तेवढे कडक ठेवून तीच सवलत सहारच्या विमानतळावरही देता येईल. फाळणीपूर्वीचे सिंध ज्यांना आठवते, त्या माणसांनी आता ऐंशी केव्हाच ओलांडली आहे.