घरचा सर्व्हर आणि खान्देशचा उन्हाळा

आषाढी एकादशीला जळगावच्या पिंप्राळ्यात विठ्ठलाचा रथ निघतो, तेव्हा गर्दीत वर धरलेले फोनच फोन दिसतात. फोनवरचं फुल एचडी चित्रण मिनिटाला साधारण १०० एमबी जागा घेतं. गूगलच्या खात्यात फुकट मिळणारी जागा १५ जीबी, म्हणजे असं जेमतेम अडीच तासांचं चित्रण. त्याच जागेत मेलही आले. गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. त्यामुळे दर महिन्याला भाडं भरण्यापेक्षा घरातच एक छोटा सर्व्हर ठेवावा, असा विचार करणारे आता जळगावातही भेटतात आणि पिंप्राळ्यातही. त्यांची वाट यंत्रांपेक्षा ऐकीव गोष्टीच जास्त अडवतात. त्यातल्या काही साफ चुकीच्या आहेत. काही अर्ध्या खऱ्या आहेत, आणि जास्त नडतात त्या याच.

पहिली गोष्ट यंत्राची. सर्व्हर म्हणजे लोखंडी कपाटात घरघरणारं महागडं यंत्र, असं बहुतेकांना वाटतं. जगातला पहिला वेब सर्व्हर टिम बर्नर्स-ली यांच्या टेबलावरचा संगणक होता. स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधन संस्थेतल्या त्या नेक्स्ट संगणकावर ‘हा सर्व्हर आहे, बंद करू नका’ अशा अर्थाची हाताने लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली होती. मागेल त्याला फाइल देणारा आणि सतत चालू राहणारा कोणताही संगणक सर्व्हरच असतो. गोलाणी मार्केटमध्ये मिळणारा वापरलेला लॅपटॉप किंवा हातभर जागेत मावणारा मिनी पीसी घराला पुरून उरतो. त्यावर डेबियनसारखं लिनक्स टाकावं. फोटोंसाठी इमिच, फायलींसाठी नेक्स्टक्लाउड आणि चित्रपट-गाण्यांसाठी जेलीफिन घालावं. हे सगळं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. कंपन्यांनी मोडीत काढलेले रॅक सर्व्हर स्वस्तात दिसतात, पण ते घेऊ नयेत. त्यांचे पंखे झोपू देत नाहीत, आणि त्यांची खरी किंमत पुढे वीजबिलात कळते.

‘चोवीस तास चालू म्हणजे बिल फुगणार’

हे यंत्रावर अवलंबून आहे, आणि हिशोब सोपा आहे. १० वॅट घेणारा मिनी पीसी महिनाभर अखंड चालला तर ७.२ युनिट होतात. ८० वॅट घेणारा जुना डेस्कटॉप ५७.६ युनिट घेतो, आणि १५० वॅटचा रॅक सर्व्हर १०८. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांच्या पुढच्या युनिटांना चढा दर लागतो, आणि ३०० च्या पुढे आणखी चढा. एप्रिल-मे महिन्यांत कूलरमुळे घर तसंही वरच्या टप्प्यात गेलेलं असतं, म्हणून सर्व्हरची युनिटं त्या महागड्या दरानेच मोजली जातात. यंत्र घेण्याआधी त्याच्या कागदावरचा आकडा न पाहता, प्लगमध्ये लावायचं वॅटमीटर घेऊन ते काही न करता नुसतं चालू असताना किती वीज घेतं ते पाहावं. घरचा सर्व्हर दिवसातले बहुतेक तास रिकामाच बसलेला असतो.

‘एसी नसेल तर सर्व्हर टिकत नाही’

जळगावच्या मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, त्यामुळे ही भीती इथे खोलवर बसलेली आहे. त्यातलं खरं किती, हे नीट पाहायला हवं.

हार्ड डिस्कचे उत्पादक साधारणपणे ६० अंशांपर्यंतचं तापमान चालेल असं लिहून देतात. काही डिस्कना त्याहून थोडं जास्तही चालतं. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये आपल्याकडच्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. तापमान आणि बिघाड यांचं जितकं घट्ट नातं सगळे गृहीत धरत होते, तितकं त्यांना आढळलं नाही. ते नातं ठळक झालं ते फार वरच्या तापमानाला आणि वय झालेल्या डिस्कमध्ये. म्हणजे ३५ अंशांच्या खोलीची चिंता नको. मात्र आपल्याकडे दुपारी बंद खोली ४२ अंशांवर जाते. डिस्क स्वतः खोलीपेक्षा १०-१५ अंश जास्त तापते, म्हणजे ती ५२ ते ५७ च्या घरात पोहोचते. मर्यादा ओलांडली जात नाही, पण हाताशी काही शिल्लकही राहत नाही. थंड देशांत लिहिलेल्या सूचनांमध्ये हा हिशोब कधीच सापडणार नाही.

एसीपेक्षा जागा महत्त्वाची. स्लॅबखालची वरची खोली, माळा आणि पत्र्याची खोली टाळावी. तळमजल्यावर आतल्या भिंतीलगत, चारही बाजूंनी वारा खेळेल अशी जागा चांगली. गावठाणात कुणाचं जुनं धाब्याचं घर असेल तर तिथली आतली खोली दुपारीही गार राहते. तिथे वरून माती झिरपते, म्हणून यंत्राच्या वर फळी हवी, आणि उंदरांपासून वायरी पाइपमध्ये घालाव्यात. फोटो-व्हिडिओ फार नसतील तर फिरत्या डिस्कऐवजी एसएसडी घ्यावी. डिस्कचं तापमान स्मार्टमॉनटूल्स नावाच्या मोफत साधनाने दिसतं. एप्रिलपासून पावसाळा लागेपर्यंत ते रोज नोंदवलं जाईल अशी व्यवस्था करावी, आणि ५५ च्या वर गेलं की फोनवर सूचना यावी.

कूलरबद्दल उलटी समजूत आहे की ओलाव्याने सर्व्हर सडतो. खान्देशच्या उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी असते की कूलर लावलेली खोलीसुद्धा यंत्राला सोसणाऱ्या आर्द्रतेच्या आतच राहते. हवेतल्या वाफेचं पाणी होऊन यंत्रावर दव धरू नये, अशी उत्पादकांची अट असते. त्रास होतो तो झोताबरोबर उडणाऱ्या थेंबांचा, त्यातल्या क्षारांचा आणि धुळीचा. म्हणून यंत्र कूलरच्या खोलीत खुशाल असावं, झोतासमोर नसावं. धूळ पंख्यात आणि जाळीत बसते आणि हवा अडवते. ती महिन्यातून एकदा ब्रशने काढली तर पंखा लवकर खराब होत नाही.

लॅपटॉपला मात्र उन्हाळ्यात वेगळा धोका आहे. लिथियमची बॅटरी गरमीत आणि कायम १०० टक्के भरलेल्या अवस्थेत लवकर खराब होते, आणि फुगूही शकते. बऱ्याच लॅपटॉपमध्ये चार्जिंग ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते, ती आधी चालू करावी. फुगलेली बॅटरी दिसली तर त्याच दिवशी काढून टाकावी.

लाईट, इन्व्हर्टर आणि अर्थिंग

‘घरात इन्व्हर्टर आहे, मग यूपीएस कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे. लाईट जाते तेव्हा संगणकाचा पॉवर सप्लाय स्वतःच्या साठ्यावर साधारण १६-१७ मिलिसेकंदच तग धरतो. इन्व्हर्टर साध्या मोडवर असेल तर बॅटरीवर यायला त्याला याहून जास्त वेळ लागतो. पंखा आणि दिवा तेवढं सहन करतात, सर्व्हर रीस्टार्ट होतो. बऱ्याच इन्व्हर्टरांच्या मागे यूपीएस मोडचं बटण असतं. ते दाबलेलं असेल तर बहुतेक वेळा काम भागतं. तरीही छोटा यूपीएस उपयोगी पडतो, कारण तो यूएसबीने सर्व्हरला जोडता येतो. बॅटरी संपत आली की सर्व्हर स्वतःहून नीट बंद होतो. लिनक्सवर यासाठी नट नावाची मोफत प्रणाली आहे. लाईट परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू व्हावं ही सेटिंग बायोसमध्ये असते. राउटर आणि फायबरचं डबडं १२ व्होल्टच्या छोट्या यूपीएसवर ठेवावं.

जुन्या घरांत एक गोष्ट हमखास सुटते: अर्थिंग. संगणकाच्या लोखंडी डब्याला हात लावताच झिणझिणी येत असेल तर प्लगमधली तिसरी पिन कुठेच जोडलेली नाही, असं समजावं. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग करून घेतल्याशिवाय पुढचं काही करू नये.

‘फायबर आलं, म्हणजे बाहेरून घरचा सर्व्हर दिसणार’

घरात फायबरचा वेग उत्तम येतो, मुलगा राउटरमध्ये पोर्ट उघडतो, आणि पुण्याहून काहीच दिसत नाही. कारण असं की आयपीव्ही४ चे पत्ते कमी पडल्यामुळे अनेक कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होत असेल तर तुम्ही याच व्यवस्थेत आहात. एप्रिल २०१२ मध्ये हा पत्त्यांचा पट्टा खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. तिथे पोर्ट उघडून काही होत नाही. वाटा तीन. जादा पैसे देऊन स्थिर पत्ता घेणं ही एक. आयपीव्ही६ वापरणं ही दुसरी. त्याच्या प्रसारात भारत जगात आघाडीवर आहे, त्यामुळे ते बहुधा तुमच्या घरी आलेलंही असेल. तिसरी वाट टेलस्केलसारख्या सेवेची, जी आतून बाहेर जाणारा बोगदा बांधते. नवशिक्यासाठी तिसरीच बरी, आणि तिचं कारण पुढच्या गैरसमजात आहे.

‘पिंप्राळ्यातल्या घरावर कोण हल्ला करतंय?’

या सगळ्यांत सर्वांत महाग पडणारी समजूत हीच. हल्लेखोर घर निवडत नाही, गाव तर नाहीच. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी झेडमॅप नावाचं साधन जाहीर केलं. एका साध्या संगणकावरून आणि एक गिगाबिटच्या जोडणीवरून ते आयपीव्ही४ चे सगळे सार्वजनिक पत्ते पाऊण तासाच्या आत चाचपून पाहतं. पत्ते मोजून संपतात, त्यामुळे तुमचाही पत्ता त्यात येतोच. उघडं पोर्ट दिसलं की पुढचं काम आपोआप चालणारे प्रोग्राम करतात. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने इंटरनेटला उघडी असलेली क्यूनॅप कंपनीची घरगुती साठवण-यंत्रं अशीच शोधून कुलूपबंद केली.

दुसरं उदाहरण अधिक बोलकं आहे. लास्टपास ही पासवर्ड सांभाळणारी कंपनी. २०२२ च्या हल्ल्यात चोर तिच्या एका अभियंत्याच्या घरच्या संगणकातून आत गेले. त्या संगणकावर चित्रपट पाहण्यासाठीचं प्लेक्स हे सॉफ्टवेअर होतं. त्यातल्या ज्या फटीतून ते शिरले, ती दुरुस्त करणारी आवृत्ती २०२० मध्येच आलेली होती. अपडेट केलेलंच नव्हतं.

म्हणून इंटरनेटच्या बाजूला काहीही उघडं ठेवू नये. बाहेरून यायचं तर वायरगार्डच्या बोगद्यातूनच यावं. टेलस्केल त्याच्यावरच उभं आहे, आणि मार्च २०२० च्या ५.६ या आवृत्तीपासून वायरगार्ड लिनक्सच्या गाभ्यातच आलं. ओळख न पटलेल्या पाहुण्याला ते उत्तरच देत नाही, त्यामुळे चाचपणी करणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही. पोर्टचा नंबर बदलला की सुरक्षित झालो, ही समजूत सोडून द्यावी. आठवड्यातून एक ठरलेली वेळ अपडेटसाठी ठेवावी. सर्व्हर लावणं रविवारच्या दुपारी उरकतं, सांभाळण्याचं काम कायमचं असतं, आणि ते करायची तयारी नसेल तर गूगलला पैसे भरणं जास्त सुरक्षित.

‘दोन डिस्क आहेत, म्हणजे बॅकअप आहे’

रेड पद्धतीत दोन डिस्कवर एकच माहिती एकाच वेळी लिहिली जाते. एक डिस्क मेली तरी काम चालू राहतं, एवढाच तिचा उपयोग. चुकून फोल्डर उडवला तर तो दोन्हीकडून त्याच क्षणी उडतो. वळवाच्या पावसात वीज पडली तर एकाच प्लगवरच्या दोन्ही डिस्क एकदमच जातात. मार्च २०२१ मध्ये फ्रान्सच्या स्ट्रासबूर्ग शहरात ओव्हीएच कंपनीचं आख्खं डेटा सेंटर जळालं, आणि ज्यांची दुसरी प्रत दुसरीकडे नव्हती त्यांची माहिती कायमची गेली.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रुजवलेला नियम घराला पुरतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. ही दुसरी जागा म्हणजे धुळ्याला मामांच्या घरी ठेवलेला छोटा संगणक आणि डिस्क असू शकते. रेस्टिक किंवा बोर्ग हे प्रोग्राम माहिती कुलूपबंद करूनच पाठवतात, त्यामुळे मामांच्या घरी ती कुणाला वाचता येत नाही. पहिली प्रत मात्र वायरीवरून पाठवू नये. ५०० जीबी २० एमबीपीएसच्या अपलोडने पाठवायला साडेपंचावन्न तास लागतात. डिस्क पिशवीत घालून एसटीने न्यावी. पुढचे रोजचे बदल थोडे असतात, ते रात्री आपोआप जातात.

प्रत घेतली म्हणजे ती परत मिळेलच, असं मात्र धरून चालू नये. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब कंपनीत चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या पाच पद्धती असूनही ऐन वेळी एकही नीट चालत नव्हती, आणि जवळपास सहा तासांची माहिती गेली. म्हणून दर तीन महिन्यांनी एखादा जुना फोल्डर धुळ्याच्या प्रतीतून परत काढून, उघडून पाहावा.

मेल घरी ठेवावा का, असंही विचारलं जातं. ठेवू नये. घरगुती पत्त्यांवरून आलेला मेल बहुतेक ठिकाणी आधीच संशयित यादीत असतो, तो पोहोचतच नाही.

‘मराठी कागदांसाठी याचा काय उपयोग होणार?’

याचं उत्तर मला सर्वांत आवडतं. पेपरलेस हे मोफत सॉफ्टवेअर स्कॅन केलेले कागद वाचून शोधण्याजोगे करतं, आणि त्यामागचं टेसरॅक्ट मराठी वाचतं. भाषेच्या जागी मराठी आणि इंग्रजी दोन्ही निवडल्या की छापील सातबारा, खरेदीखत, वीजबिल, दवाखान्याचे कागद गट नंबरावरून किंवा नावावरून सापडतात. हाताने लिहिलेले जुने फेरफार आणि मोडीतले दस्तऐवज त्याला वाचता येत नाहीत, त्यांना आपणच नाव देऊन ठेवावं. नाव देताना एक मर्यादा आहे. लिनक्सवर फाइलचं नाव २५५ बाइटांपर्यंतच चालतं, आणि देवनागरीचं प्रत्येक अक्षर, काना-मात्रासुद्धा, तीन बाइट घेतं. म्हणजे ८५ च्या आत आटपावं लागतं. घरच्या, वैयक्तिक वापरासाठी असे कागद ठेवायला २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्याची आडकाठी नाही. कायद्याने ही सूट स्पष्ट दिलेली आहे.

शेवटचा प्रश्न पिंप्राळ्यातल्या बहुतेक घरांचा आहे. सर्व्हर लावणारा मुलगा किंवा मुलगी नोकरीला पुण्याला गेली की इथे आई-वडीलच राहतात. त्यांच्यासाठी मराठीत एक पानाचा कागद लिहावा: यंत्र कोणतं, कुठल्या प्लगवर आहे, बंद करताना कोणतं बटण किती वेळ दाबायचं, दुसरी प्रत कुणाकडे आहे, आणि कुलूपबंद प्रतीचा पासवर्ड काय. हा शेवटचा पासवर्ड हरवला तर धुळ्याची डिस्क असून नसल्यासारखी, कारण तो परत मिळवून देणारं कुणी नसतं. कागद खरेदीखताच्या फायलीत ठेवावा, आणि पासवर्ड बदलला की त्यावरही त्याच दिवशी बदलावा.