कपाटातल्या जुन्या सीडी-डीव्हीडी वाचवा : घरच्या घरी रूपांतर करताना येणाऱ्या अडचणी आणि उपाय

वाकड, थेरगाव, काळेवाडी, रहाटणी या पट्ट्यातल्या आपल्या बहुतेक घरांत टीव्हीखालच्या कपाटात सीडी-डीव्हीडीची एक पिशवी असते. भीमजयंतीची मिरवणूक, विहारातली धम्मदेसना, वस्तीतला भीमगीतांचा कार्यक्रम, बौद्ध पद्धतीने झालेला मंगल परिणय, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवरच्या स्टॉलवरून आणलेली गाणी असे बरेच काही त्यात असते. २००० ते २०१२ च्या आसपास आपल्या चळवळीचे स्थानिक चित्रण याच तबकड्यांवर झाले. आज घरात प्लेअर नाही, नव्या लॅपटॉपला ड्राइव्ह नाही आणि तबकड्या हळूहळू खराब होत आहेत.

वाकडपासून काही किलोमीटरवर देहूरोड आहे. तिथे २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतः बुद्धमूर्तीची स्थापना केली. दरवर्षी त्या दिवशी अनुयायी तिथे जमतात, कुणीतरी कॅमेरा चालवतो आणि ते चित्रण एखाद्याच्या घरी पडून राहते. आपल्या कार्यक्रमांची दखल मोठ्या वाहिन्यांनी क्वचितच घेतली, त्यामुळे घरातली ती एक तबकडी हाच अनेकदा एकमेव पुरावा असतो. वामनदादा कर्डक २००४ साली गेले. त्यांच्या पिढीच्या अनेक शाहिरांचे आवाज अशाच घरगुती चित्रणांत असू शकतात. म्हणून हे काम छंदाचे नसून जबाबदारीचे आहे.

आधी कोणती तबकडी घ्यायची?

दुकानातून घेतलेला चित्रपट आणि घरचे चित्रण यांत फरक करा. डॉ. जब्बार पटेल यांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ किंवा आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ यांच्या प्रती इतरत्रही आहेत. तुमच्या वस्तीच्या जयंतीचे चित्रण मात्र दुसरीकडे कुठेच नाही, म्हणून पहिला मान त्याला द्या.

कायद्याची बाजूही समजून घ्या. विकत मिळणाऱ्या अनेक डीव्हीडींवर नक्कलबंदीचे कुलूप असते. कॉपीराइट कायदा १९५७ मध्ये २०१२ साली कलम ६५-अ जोडले गेले. हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने असे कुलूप तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंडाची तरतूद त्यात आहे. घरी किंवा विहारात केलेल्या चित्रणावर सहसा असे कुलूप नसते. खाली सांगितलेली पद्धत अशाच तबकड्यांसाठी आहे.

लागणारे साहित्य

यूएसबीवर चालणारा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह किंवा जुन्या संगणकातला ड्राइव्ह, व्हीएलसी प्लेअर आणि हँडब्रेक एवढे पुरते. दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. विंडोज ८ पासून विंडोजच्या स्वतःच्या प्लेअरमधून डीव्हीडी चालवण्याची सोय काढून टाकली आहे. त्यामुळे डीव्हीडी उघडत नसेल तर तिला लगेच खराब ठरवू नका, आधी व्हीएलसीत चालवून पाहा.

अडचण १ : तबकडी वाचलीच जात नाही

मऊ सुती कापड किंचित ओले करा आणि मधल्या भोकापासून बाहेरच्या कडेकडे सरळ पुसा. गोल फिरवून पुसल्यास ओरखडा डेटाच्या रेषेलाच समांतर पडतो आणि ड्राइव्हला तो सांभाळता येत नाही. सीडीत चकाकणारा थर छापील बाजूच्या लगेच खाली असतो, म्हणून त्या बाजूचा ओरखडा जास्त घातक. डीव्हीडीत हा थर दोन प्लास्टिक चकत्यांच्या मध्ये असतो.

तरीही वाचत नसेल तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहा. एका ड्राइव्हने नाकारलेली तबकडी दुसरा सहज वाचतो, हे नेहमी घडते. ओरखड्यांच्या डीव्हीडीसाठी लिनक्सवर जीएनयू डीडीरेस्क्यू हे साधन आहे. ते आधी चांगला भाग उचलते, मग खराब जागी पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. कुठपर्यंत काम झाले याची नोंदही ठेवते, त्यामुळे तीच नोंद वापरून दुसऱ्या ड्राइव्हवर उरलेला भाग मिळवता येतो.

अडचण २ : तबकडी कोरी दिसते

डीव्हीडी रेकॉर्डरवर किंवा तबकडीवाल्या हँडीकॅमवर केलेले चित्रण शेवटी ‘फायनलाइज’ करावे लागते. ते राहून गेले असेल तर संगणकाला तबकडी रिकामी वाटते. ती टाकून देऊ नका आणि तिच्यावर दुसरे काही लिहूही नका. ज्या यंत्रावर चित्रण झाले ते, किंवा त्याच कंपनीचे तसेच यंत्र शोधा आणि त्यात फायनलाइज करा.

अडचण ३ : दोन तासांचा कार्यक्रम वीस मिनिटांत संपतो

डीव्हीडी उघडली की ‘व्हिडिओ_टीएस’ नावाचा फोल्डर दिसतो. त्यात चित्रण साधारण एक-एक जीबीच्या व्हीओबी तुकड्यांत असते. अनेकजण त्यातला एकच तुकडा रूपांतरित करतात आणि बाकीचा कार्यक्रम मागेच राहतो. एकेक तुकडा न देता पूर्ण फोल्डर आधी संगणकावर उतरवा आणि तो फोल्डरच हँडब्रेकला द्या. मग टायटलची यादी येईल. त्यातले सर्वांत मोठे निवडा, पण इतर टायटलही तपासा. सभेचे भाषण एका आणि गाण्यांचा कार्यक्रम दुसऱ्या टायटलमध्ये असू शकतो.

अडचण ४ : व्हीसीडीतल्या फाइल उघडत नाहीत

व्हीसीडीत ‘एमपीईजीएव्ही’ फोल्डरमध्ये डीएटी फाइल असतात. दोनदा क्लिक करून त्या उघडत नाहीत, व्हीएलसीमध्ये ओढून टाकल्यास बहुधा चालतात. व्हीसीडीवर चित्र साठवताना चुका दुरुस्त करणारी जादा माहिती कमी ठेवलेली असते, त्यामुळे थोड्या ओरखड्यानेही नक्कल अडते. याच रचनेमुळे डीव्हीडीसारखी आयएसओ प्रत व्हीसीडीची नीट होत नाही. फाइल थेट उतरत नसेल तर व्हीएलसीच्या ‘कन्व्हर्ट’ पर्यायातून तबकडी चालवत नवी फाइल बनवा. एखाद्या जागी चित्र फुटेल, पण पुढचे भाषण हाती लागेल.

अडचण ५ : मिरवणुकीत आडव्या रेघा दिसतात

जुना कॅमेरा एक चित्र दोन भागांत घेई, आधी एकाआड एक ओळी आणि मग उरलेल्या. जुन्या टीव्हीवर हे खपून जाई. संगणकावर मात्र लेझीम खेळणारे हात आणि फडकणारे निळे झेंडे कंगव्याच्या दातांसारखे दिसतात. हँडब्रेकच्या ‘फिल्टर्स’मध्ये ‘डीइंटरलेस’ किंवा ‘डीकोंब’ चालू करा.

अडचण ६ : चेहरे ताणलेले किंवा दबलेले दिसतात

आपल्याकडच्या डीव्हीडीचे चित्र ७२० × ५७६ बिंदूंचे असते, पण ते बिंदू चौकोनी नसतात. त्यामुळे रुंदी-उंचीचे आकडे हाताने बदलू नका. ‘ॲनामॉर्फिक’ हा पर्याय ‘ऑटोमॅटिक’वर राहू द्या. १०८० चा आकडा टाकला म्हणून चित्र स्पष्ट होत नाही, फाइल तेवढी फुगते.

अडचण ७ : ओठ आणि आवाज जुळत नाहीत

हँडब्रेकमध्ये फ्रेमरेट २५ करा आणि ‘कॉन्स्टंट’ निवडा. तरीही पुढे पुढे फरक वाढत गेला, तर मूळ नक्कल करतानाच काही भाग गळला आहे असे समजा. तबकडी पुन्हा पुसून नवी नक्कल घ्या.

अडचण ८ : विहारातल्या टीव्हीवर फाइल चालत नाही

एमपी४ फाइल, चित्रासाठी एच.२६४ आणि आवाजासाठी एएसी ही जोडी जवळपास सगळीकडे चालते. एच.२६५ ने फाइल लहान होते, पण जुने टीव्ही ती नाकारतात. गुणवत्तेचा ‘आरएफ’ आकडा १८ ते २२ दरम्यान ठेवा. आकडा जितका कमी, तितके चित्र चांगले आणि फाइल मोठी. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचा असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल त्यावर बसणार नाही. अशा वेळी कार्यक्रमाचे दोन भाग करा.

रूपांतरानंतरचे काम अर्धे बाकी असते

एमपी४ ही पाहण्यासाठीची प्रत आहे. जपण्यासाठी मूळ डीव्हीडीची पूर्ण नक्कलही ठेवा. साधी डीव्हीडी ४.७ जीबीची असते, म्हणजे १ टीबीच्या हार्डडिस्कवर अशा २०० तबकड्या मावतात. तीन प्रती करा, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवा आणि एक प्रत दुसऱ्या घरी किंवा विहारात असू द्या. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल दाबून लहान केली जाते, तिला जतन म्हणता येत नाही.

फाइलला ‘न्यू फोल्डर’ असे नाव देऊ नका. वर्ष, ठिकाण, कार्यक्रम, गायक किंवा वक्ता या क्रमाने नाव द्या. घरातल्या ज्येष्ठांना शेजारी बसवून चित्रण दाखवा आणि त्यात कोण कोण आहे ते लिहून घ्या. तबकडी कदाचित आणखी दहा वर्षे टिकेल, पण चेहरे ओळखणारी माणसे तोवर असतीलच असे नाही. लग्न, अंत्यविधी यांसारखे खासगी चित्रण कुटुंबाला विचारल्याशिवाय समाजमाध्यमांवर टाकू नका. गायकाच्या कार्यक्रमाबाबतही त्याची किंवा त्याच्या वारसांची परवानगी घ्या.

हिंजवडीच्या कंपन्यांत काम करणारे आपले अनेक तरुण वाकड परिसरात राहतात. त्यांच्याकडे संगणक आहे आणि ज्ञानही आहे. एक बाहेरचा ड्राइव्ह पूर्ण विहाराला पुरतो. रविवारच्या वंदनेनंतर दोन तास ठरवा, आलेल्या प्रत्येक तबकडीची वहीत नोंद करा आणि काम झाल्यावर ती मालकाला परत द्या. येत्या रविवारी येताना प्रत्येकाने आपल्या कपाटातली पिशवी सोबत आणावी.

जय भीम! नमो बुद्धाय!